‘पेलेट गन’ म्हणणं सोडा, छर्ऱ्यांची बंदूक म्हणा

शब्दवेडा (मूळ धागा)
काश्मीरवरचा मराठी लेख उघडला की ‘पेलेट गन’ हा शब्द भेटतोच. मराठीत तो वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जत्रेतली फुगे फोडायची हवेची बंदूक येते. खोऱ्यात २०१० पासून जमाव पांगवायला वापरली गेली ती मात्र बारा बोअरची पंप ॲक्शन शॉटगन. तिच्या काडतुसात दारू, दारूपुढे बूच आणि बुचापुढे शिशाचे बारीक गोळे असतात. नऊ नंबरचा एक गोळा जेमतेम २ मिलिमीटरचा, पण एका बारात असे शेकडो सुटतात. याला आपल्याकडे ‘छर्रे’ हा रुळलेला शब्द आहे. मग पेलेट कशाला?

सायकलवाला
पटलं नाही. छर्रा म्हटलं की मला सायकलच्या चाकातल्या, ग्रीसमध्ये बुडवून एकेक बसवायच्या गोळ्या आठवतात. वडिलांचं दुकान होतं, मी शाळेतून आलो की तेच काम. शिवाय जत्रेतल्या त्या बंदुकीत घालतात त्यालाही छर्रेच म्हणतात. म्हणजे जी गफलत तुम्ही पेलेटवर लावताय, ती छर्ऱ्यातही तशीच आहे. उलट पेलेट हा परका शब्द वाचून माणूस निदान थांबतो, हे काय म्हणून विचारतो.

तळकोकणातून
सायकलवाले दादा, तुमचा छर्रा चाकातला, आमचा बंदुकीतला. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक अनेक घरांत आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. आजोबांची ठासणीची होती. नळीत आधी दारू, मग चिंध्या, मग छर्रे, पुन्हा चिंध्या, आणि गजाने ठासायचं. आता काडतुसी आहे. दुकानात ‘छर्रे द्या’ असं कोणी म्हणत नाही, नंबर सांगावा लागतो. पाखरासाठी बारीक, डुकरासाठी एलजी. एलजी म्हणजे मोजकेच दाणे, पण एकेक वाटाण्याएवढा. नंबर जितका मोठा, तितका दाणा लहान. बोअरचंही तसंच उलटं: एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक जिच्या नळीत बसेल ती बारा बोअर. सोळा बोअरची नळी तिच्याहून अरुंद. आमच्याकडे छर्रा हा शब्द कोणी हलका समजत नाही. पण नंबराशिवाय तो अर्धवट आहे, एवढं खरं.

शब्दवेडा
दादा, ‘अर्धवट’ म्हणालात ते लागलं, आणि पटलंही. २०१६ मध्ये सीआरपीएफने जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाला सांगितलं की ३२ दिवसांत सुमारे १३ लाख पेलेट वापरले गेले. एका काडतुसात ४५० धरले तर ही तीन हजारांच्या आसपास काडतुसं होतात. बातमीत नुसतं ‘पेलेट’ लिहिलं की एक बार म्हणजे किती, हे वाचकाला कळतच नाही.

न्यूजडेस्क
मी बातम्यांच्या टेबलावर बसते. न्यायालयाच्या कागदात ‘पेलेट गन’ आहे, सरकारी निवेदनात तेच आहे, वाचक शोधतात तेही तेच. मी छर्ऱ्यांची बंदूक लिहिलं तर उद्या कोणी म्हणेल, बातमीदाराने शब्द बदलून बाजू घेतली. नाव जसं प्रचलित तसं ठेवावं आणि पुढे एक वाक्य समजावून द्यावं.

शब्दवेडा
ताई, ते एक वाक्य जागेअभावी सगळ्यात आधी कापलं जातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आणि प्रचलित शब्द बाजू घेत नाही, असं कोणी ठरवलं? ‘पेलेट’ शब्द इजा लहान करून दाखवतो. हीसुद्धा बाजूच झाली.

क्षकिरण
मी ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढतो. रानडुकरासाठी लावलेल्या बंदुकीचा बार चुकून लागलेला एक माणूस आला होता. फिल्म उजेडावर धरली तेव्हा मांडीभर पांढरे ठिपके होते. मी पेनने मोजत गेलो आणि चाळिसाच्या पुढे हिशेब चुकला. बार अगदी जवळून लागला असता तर ते विखुरण्याआधीच एका भोकातून आत गेले असते, बूचसुद्धा आत सापडलं असतं. लांबून लागला म्हणून जीव वाचला, पण सगळे काढता आले नाहीत. तो दर वेळी मला विचारायचा, “साहेब, माझे छर्रे जागेवर आहेत ना?” पेलेट हा शब्द त्याला माहीत नव्हता.

न्यूजडेस्क
हे वाचून विचारात पडले आहे. मथळ्यात पेलेट गनच राहील, त्यावर मी ठाम आहे. पण पहिल्या परिच्छेदात ‘छर्ऱ्यांची काडतुसं झाडणारी बारा बोअर बंदूक’ असं लिहायला काही अडचण नाही. काडतुसाचा नंबर मिळाला तर तोही टाकीन.

सायकलवाला
नंबर टाकणार असाल तर माझा आक्षेप निम्मा गेला. उरलेला निम्मा कायम.