मध्यंतरापर्यंत गाडी येते, पुढे ढकलावी लागतेय... पहिली पटकथा, जरा मदत करा

खिडकीजवळचा_बाक

नमस्कार मंडळी. कॉलेजात असताना एकांकिका लिहायचो, पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला दोनदा उतरलो, बक्षीस नाही मिळालं ते सोडा. आता पहिल्यांदाच पूर्ण लांबीची पटकथा लिहायला घेतलीय आणि गेले चार महिने एकाच जागी अडकलोय.

गोष्ट अशी आहे. पुण्यात पेठेतल्या जुन्या वाड्यात एक काकू खानावळ चालवते, एमपीएससीची पोरं जेवायला येतात. वाडा सासऱ्यांचा, अर्धा हिस्सा दिराचा. दीर आणि काकूचा मुलगा दोघांनाही वाडा बिल्डरला द्यायचाय, काकूला नाही द्यायचा. पहिला अर्धा मस्त होतो, पोरं, त्यांची भांडणं, रिझल्टचा दिवस, काकूची उधारीची वही, सगळं. मध्यंतराला मुलगा सांगतो की आई मी सही केलीय. आणि त्यापुढे माझ्याकडे काहीच नाही, नुसती भांडणं. सीन ३४ ते सीन ५१ म्हणजे काकू आणि मुलगा वेगवेगळ्या खोल्यांत तेच भांडतायत.

'सेव्ह द कॅट' हे पटकथेचं पुस्तक लिहिणाऱ्या ब्लेक स्नायडरचा तो १५ बीटचा (म्हणजे गोष्टीतल्या ठरलेल्या टप्प्यांचा) तक्ता पण भरून बघितला, पान १२ ला हे व्हायला पाहिजे, ५५ ला ते, ७५ ला सगळं संपल्यासारखं वाटलं पाहिजे वगैरे. पण माझी ६१ पानं झाली आणि आत्ता कुठे मध्यंतर आलंय, म्हणजे मी चुकलोय का? आणि मराठी सिनेमाला हे तीन अंकांचं गणित लागू होतं का मुळात? कोणी अनुभवी असेल तर सांगा, शिव्या दिल्या तरी चालतील.

सीन_पुढे_सरकवा

आधी पानांचं टेन्शन सोड. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इंग्रजी पटकथेचा, कुरियर फॉन्ट, १२ पॉइंट, मार्जिन ठरलेली. तू गूगल डॉक्समध्ये देवनागरीत लिहितोयस ना? मग फॉन्ट बदलला की तुझी ६१ पानं ५० पण होतील आणि ७५ पण. मी सिरियलला असिस्टंट आहे, आमच्याकडे सरळ मोबाइलवर स्टॉपवॉच लावून सीन मोठ्याने वाचतात, मधल्या हालचाली पण करून बघतात, बाई उठली, डबा काढला, झाकण निघेना, सगळं. तसं करून बघ एकदा सगळ्या ६१ पानांचं. मला वाटतं सव्वा तासाच्या वर जाईल कारण तू नाटकवाला आहेस, संवाद जास्त असणार (राग मानू नको).

तीन अंकांचं म्हणशील तर पटकथा शिकवणाऱ्या सिड फील्डने १९७९ च्या पुस्तकात ते सुरुवात ३०, मधला भाग ६०, शेवट ३० पानांचं मांडलं ते अमेरिकन सिनेमा डोळ्यासमोर ठेवून, आणि तिकडे मध्यंतर नसतं. आपल्याकडे माणूस उठतो, समोसा आणतो, व्हॉट्सअ‍ॅप बघतो आणि परत येऊन बसतो. त्यामुळे त्यांच्या मधल्या ६० पानांच्या बरोबर पोटात आपला पडदा पडतो. म्हणून आपल्याला मधे एक जास्तीचं काम असतं, समोसा खाऊन आलेल्या माणसाला परत आत खेचायचं. सैराट आठव, २०१६. गावातलं प्रेम, गाणी, पळापळ आणि मग उत्तरार्धात हैदराबाद. तिथे गाव नाही, पाटलाची मुलगी म्हणून रुबाब नाही, झोपडपट्टीत राहायचं, पैसे पुरवायचे. पहिल्या भागात प्रश्न होता की ही दोघं एकत्र येतील का, नंतर प्रश्न झाला की एकत्र राहतील का. जागा बदलली, प्रश्न बदलला, माणसं तीच.

तुझ्या गोष्टीत मध्यंतराआधी प्रश्न आहे वाडा राहणार का. मध्यंतरानंतर प्रश्न आहे... वाडा राहणार का. म्हणून गाडी ढकलावी लागतेय.

डबेवाली_ताई

वरच्याशी अर्धी सहमत. प्रश्न बदलायला पाहिजे हे बरोबर पण तो लेखकाने बदलून चालत नाही रे, काकूने काहीतरी केल्यामुळे बदलला पाहिजे. तुझ्या मध्यंतराला जे होतं ते मुलगा करतो. काकू फक्त ऐकते. मग पुढचे १८ सीन ती रागावण्याशिवाय काय करणार? तिला कामच नाही.

अशी ही बनवाबनवी घे, १९८८ चा, सगळ्यांना पाठ आहे म्हणून. आपण त्यातले संवाद आठवतो पण त्याचं यंत्र बघ. चार मित्रांना खोली पाहिजे, मालकीणबाई फक्त जोडप्यांना देणार, म्हणून त्यातले दोघं बायका होतात. बायका झाले म्हणून मालकीणबाईशी घरोबा करावा लागतो. घरोबा झाला म्हणून कधीही पकडले जातील अशी वेळ येते, त्यात चौघांची चार प्रेमं. प्रत्येक अडचण त्यांनी आधीची अडचण सोडवायला जे केलं त्यातूनच आलीय, बाहेरून कोणी आणून टाकलेली नाही. आणि मूळ गरज किती साधी, डोक्यावर छप्पर! तुझ्या काकूची पण तीच आहे खरं तर.

आता तुझी उधारीची वही. तू ती एका ओळीत उरकलीस आणि मला वाटतं तुझा सिनेमा तिथेच आहे. कोणाकोणाची नावं आहेत त्या वहीत? दहा-बारा वर्षांपूर्वी जेवलेली पोरं असतील ना? त्यातला एखादा तीन महिन्यांचे पैसे न देता गेलेला आज तहसीलदार असेल. एखादा पास झालाच नसेल आणि गावी दुकान टाकून बसला असेल. काकूने ठरवलं की दिराचा हिस्सा मीच विकत घेते, आणि निघाली वही घेऊन वसुलीला, तर? वाड्यातून कधी बाहेर न पडलेली बाई एसटीने जामखेडला, पुसदला. मध्यंतराला मुलाची सही नको, वही पिशवीत घातलेली दिसू दे. वसुलीतून हिश्श्याएवढे पैसे जमणार नाहीत हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटाला कळेल आणि तरी तो बघेल, कारण कोण देतं आणि कोण तोंड चुकवतं ते बघायचंय त्याला.

(ही आयडिया तुला फुकट. सिनेमा आला तर श्रेयनामावलीत ताईचे आभार मान.)

खिडकीजवळचा_बाक

ताई अंगावर काटा आला वाचून, खरंच. वही मी नुसती वातावरणासाठी ठेवली होती. पण एक भीती वाटतेय, मग हा रोड मूव्ही नाही का होणार, प्रोड्युसर म्हणेल खर्च वाढला. एका ठिकाणी कथा ऐकवायला गेलो होतो, त्यांनी दहाव्या मिनिटाला विचारलं लोकेशन किती.

डबेवाली_ताई

लिहिताना प्रोड्युसरला खोलीबाहेर उभं कर. पाचच्या जागी दोन गावं दाखव, बाकीचे फोनवर. फोन न उचलणारा तहसीलदार तर काहीच खर्चाचा नाही.

जुना_संकलक

मी उशिरा आलो. रचनेचं दोघांनी सांगितलंच आहे, मी फक्त संवादाबद्दल बोलतो कारण तीस वर्षं लोकांचे संवाद कापण्यातच गेली.

आपल्याकडे टायटलमध्ये कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी श्रेयं असतात, ते उगीच नाही. नाटकातून येणारी मुलं पटकथा लिहितोय समजून संवाद लिहीत असतात. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या माणसाला काकूचे हात दिसत नाहीत, म्हणून तिला बोलावं लागतं. कॅमेऱ्याला हात दिसतात. फँड्रीचा शेवट आठवा, पोराने काय केलं? दगड भिरकावला, थेट आपल्या दिशेने. तिथे त्याला एक वाक्य दिलं असतं तर आपण ते विसरून घरी गेलो असतो.

तुमचा सहीचा सीन माझ्या अंदाजाने असा असेल. मुलगा : आई, मी सही केलीय. आई : काय? माझ्याशी न बोलता? मुलगा : किती दिवस या पडक्या वाड्यात राहायचं? आई : तुझ्या बाबांनी याच वाड्यात... वगैरे दोन पानं. बरोबर ना?

आता असं बघा. सकाळ. काकू पोळ्या लाटतेय, तव्यावर एक पोळी आहे. मुलगा मोजायचा टेप घेऊन येतो आणि स्वयंपाकघर मोजायला लागतो. एकट्याला जमत नाही, टेप सारखा सुटून गुंडाळला जातो. दोनदा सुटतो. तिसऱ्यांदा तो न बघताच म्हणतो, आई, जरा हे टोक धर. काकूच्या हाताला पीठ लागलंय. ती बघते त्याच्याकडे. बस. सही झालीय हे सांगायची गरजच नाही, कोणासाठी मोजतोय ते शेंबडं पोर पण ओळखेल. अर्ध्या पानात झालं आणि मुलगा खलनायकही वाटत नाही, त्याने नेहमीसारखीच आईची मदत मागितलीय.

३४ ते ५१ मधल्या प्रत्येक सीनसाठी स्वतःला विचारा की आवाज बंद केला तर काय दिसेल. दोन माणसं हातवारे करतायत एवढंच दिसत असेल तर तो सीन काढा. मी टेबलावर बसल्यावर काढणारच आहे, तुम्हीच आधी काढलात तर निर्मात्याचा शूटिंगचा दिवस वाचेल.

नवखा_पण_हौशी

मधेच विचारतो सॉरी, पण इथे अशी गोष्ट उघड टाकली तर कोणी चोरणार नाही का? मी तर माझी कथा बायकोला पण नाही सांगितली अजून 😅

सीन_पुढे_सरकवा

बायकोला सांग रे बाबा, पहिला खरा प्रेक्षक तीच. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तू ती कशी मांडलीस त्यावर असतो. सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स असा निकाल आहे, नाटकावरून सिनेमा ढापला म्हणून केस होती आणि नाटककार हरला. कोर्ट म्हणालं विषय, कल्पना कोणाच्या मालकीची नसते. म्हणून 'खानावळवाली बाई वसुलीला निघते' एवढं घेऊन कोणी दुसरा सिनेमा काढला तर फार काही करता येणार नाही, पण तुझे सीन, तुझी पात्रं, तुझा क्रम उचलला तर तू भांडू शकतोस. त्यासाठी कुठल्या तारखेला तुझ्याकडे काय लिहिलेलं होतं याचा पुरावा पाहिजे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करता येते. कथा ऐकवायला जायच्या आधी करा, नंतर नाही. आणि ऐकवून आल्यावर त्याच दिवशी मेल टाका, आज भेटलो, अमुक गोष्ट ऐकवली, धन्यवाद. माझ्या एका मित्राने तो मेल टाकला नव्हता, पुढचं सांगत नाही.

खिडकीजवळचा_बाक

तीन आठवड्यांनी परत आलोय. स्टॉपवॉच लावून वाचलं, ६१ पानं एक तास ३२ मिनिटं भरली! दादा तुमचा सव्वा तासाचा अंदाज पण कमीच निघाला. ३४ ते ५१ सगळे काढले, रडू आलं पण काढले. एक सीन मात्र राहिला, त्यात दीर जेवायला बसतो आणि काकू त्याला पहिल्यांदाच ताटाशेजारी कुपन ठेवायला लावते, तो आवाज बंद करूनही दिसतो.

तहसीलदाराने माझी पंचाईत केलीय. काकू त्याच्या ऑफिसबाहेर बाकावर बसते, शिपाई चिठ्ठी आत नेतो, आणि तो स्वतः बाहेर येऊन तिच्या पाया पडतो. सगळ्यांसमोर. मग ती पैसे मागूच शकत नाही. असं मी ठरवलं नव्हतं, लिहिता लिहिता झालं. आता ती रिकाम्या हाताने परत येणार, पुढे काय ते माहीत नाही पण यावेळी अडकल्यासारखं वाटत नाहीये.

टेपचा सीन संकलककाकांनी सांगितला तसाच घेतलाय. फक्त ठरत नाहीये की काकू ते टोक धरते की नाही.

जुना_संकलक

धरते. लगेच धरते. आणि तव्यावरची पोळी करपते, त्यावर कट.

कोथरूडची_शेजारीण

काका माफ करा पण नाही. माझ्या आईची खानावळ होती, २२ वर्षं चालवली तिने. तिची पोळी करपत नाही हो, घरात काही का होईना. ती आधी पोळी उलटेल, फुगू देईल, तूप लावून डब्यात टाकेल, गॅस बारीक करेल, हात पुसेल आणि मग टोक धरेल. आणि तोपर्यंत तो मुलगा टेप हातात धरून तसाच उभा.

जुना_संकलक

माझा कट मागे घेतो.