मदत हवी आहे: भारतात परतल्यावर कॅनडातली आरआरएसपी (निवृत्ती बचत योजना) मोडावी की ठेवावी?

ऑन्टारियोत 12 वर्षं नोकरी, 15 जून 2025 पासून कायमचा मुक्काम पुण्यात. आरआरएसपीत 1,40,000 डॉलर, टीएफएसएत (तिथल्या करमुक्त बचत खात्यात) 30,000. बँकेत पत्ता अजून भावाचा, मिसिसागाचा. इथला पगार 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. आरआरएसपी आत्ता मोडली तर कुठे, किती कर?

प्रतिसाद 1
सगळ्यात आधी बँकेला लेखी कळवा की तुम्ही आता कॅनडाचे निवासी नाही. मिसिसागाच्या पत्त्यावर 5,000 पर्यंत काढले की बँक फक्त 10 टक्के कापते. स्वस्त वाटतं, पण अनिवासीला एकरकमी काढताना 25 टक्के लागतात. राहिलेले 15 टक्के सीआरए (कॅनडाचं करखातं) पुढे व्याजासकट मागते. बरोबर कापलं असेल तर टी4आरएसपी (निवासींची) नाही, एनआर4 (अनिवासींची) स्लिप येते. तीच खूण. 1,40,000 वर 35,000 जातील, आणि कॅनडाचा हिशेब तिथेच मिटतो.

प्रतिसाद 2
भारतात तुम्ही सध्या आरएनओआर (निवासी, पण 'सामान्यतः निवासी' नसलेले) आहात, म्हणजे परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर नाही. 2025-26 आणि 2026-27 ही दोन वर्षं नक्की, कारण आधीच्या 10 पैकी 9 वर्षं तुम्ही अनिवासी होता. 2027-28 साठी मागच्या 7 वर्षांतले भारतातले दिवस 729 च्या आत हवेत. 15 जून ते 31 मार्च 290, पुढचं पूर्ण वर्ष 365, झाले 655. उरले 74. एप्रिल 2020 पासून परतेपर्यंत गणपतीला, लग्नांना जेवढे दिवस आलात ते सगळे यातच धरायचे. पासपोर्टवरचे शिक्के काढून बसा.

आणि पैसे थेट पुण्याच्या खात्यात मागवू नका. भारतात पहिल्यांदा हाती पडलेलं उत्पन्न आरएनओआरलाही करपात्र असतं. आधी कॅनडातल्या बचत खात्यात घ्या, मग पाठवा.

प्रतिसाद 3
मोडायची घाई करू नका असं माझं मत. कॅनडाचे 25 टक्के आज काढा की दहा वर्षांनी, एकरकमीला तेवढेच. पण पगार थांबल्यावर थोडं थोडं काढलंत तर कॅनडाच्या आयकर कायद्यातल्या कलम 217 खाली तिथलं विवरणपत्र भरता येतं (25 टक्क्यांऐवजी टप्प्यांच्या दराने कर), मुदत पुढच्या वर्षी 30 जून. वर्षाला 20,000 काढले आणि जगभरातलं बाकी उत्पन्न जवळपास शून्य असेल तर सुमारे 16,000 मूळ सवलतीत (करमुक्त) जातात. उरलेल्या 4,000 वर 14 टक्के, त्यावर प्रांताच्या कराऐवजी 48 टक्के अधिभार. कर हजार डॉलरच्याही आत, एरवी 5,000. पुण्यातलं भाडं, मुदत ठेवींचं व्याज मात्र जगभरातल्या उत्पन्नात येतं. कॅनडातलं उत्पन्न एकूणच्या 90 टक्के नसेल तर सवलती आक्रसतात आणि हा मार्ग फोल ठरतो. आजच्या पगारावर तर नकोच.

प्रश्नकर्ता
ठेवली तर इथे दरवर्षी वाढीवर कर बसेल ना? आणि टीएफएसए?

प्रतिसाद 2
त्यासाठीच भारताच्या आयकर कायद्यातलं कलम 89ए (परदेशी निवृत्ती खात्यांसाठीची सवलत) आहे. कॅनडा अधिसूचित देशांत आहे. आरएनओआर संपेल त्या वर्षी विवरणपत्राच्या मुदतीआधी फॉर्म 10-ईई भरा. मग वाढीवर कर काढतानाच. एकदा निवडलं की मागे घेता येत नाही. 2025 च्या नव्या आयकर कायद्यात ही सवलत कायम आहे, पण क्रमांक बदललेत, पोर्टलवर चालू फॉर्म बघूनच भरा.

आरएनओआरच्या शेवटच्या 31 मार्चचं खात्याचं स्टेटमेंट जपून ठेवा. तोवरची वाढ पुढे भारतात करपात्र धरत नाहीत, आणि त्या भागावर कॅनडात भरलेल्या कराची वजावटही इथे मिळत नाही. हा आकडा नसला तर वीस वर्षांनी कशाच्या जोरावर भांडणार?

टीएफएसए 89ए मध्ये बसत नाही, कारण काढताना कॅनडा त्यावर कर लावतच नाही. ती 31 मार्च 2027 आधी बंद करा, तोवर नवा डॉलर टाकू नका. अनिवासीच्या भरण्यावर दरमहा 1 टक्का दंड आहे.

प्रतिसाद 1
आरएनओआर संपल्यावर आयटीआर-1 चालणार नाही. आयटीआर-2 मध्ये शेड्यूल एफएत (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) आरआरएसपी दाखवा, आणि तिथले आकडे कॅलेंडर वर्षाचे लागतात, मार्चअखेरचे नाहीत.