मदत हवी आहे: हाफ मॅरेथॉनची तयारी, एक दिवस पंख आणि एक दिवस शिसं

तिसरी घंटा

नमस्कार मंडळी,

इथे पळणारे बरेच जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतंय, म्हणून विचारते. लिहिणं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ४१ वर्षांची, राहायला नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी शाळेत. तीन वर्षं जॉगिंग ट्रॅकवर नुसती चालत होते. गेल्या दिवाळीनंतर चालता चालता पळायला लागले. आधी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत, मग एक फेरी, मग दोन. जूनमध्ये १० किमीच्या शर्यतीत उतरले, १ तास १२ मिनिटांत संपवली. त्या आनंदात डिसेंबरमधल्या हाफ मॅरेथॉनला नाव देऊन टाकलं. २१.१ किमी. मनात २ तास ४५ मिनिटं आहेत, घरी मात्र "पूर्ण झाली तरी पुष्कळ" एवढंच सांगितलंय.

अडचण अशी. एखाद्या दिवशी वाटतं, आज थेट त्र्यंबकला जाऊन येईन. धाप लागत नाही, पाय आपले आपण पडत राहतात. आणि दोनच दिवसांनी तोच रस्ता, तेच बूट, तीच वेळ, पण पहिल्याच किलोमीटरला पायात कुणी शिसं ओतल्यासारखं होतं. त्या दिवशी ट्रॅकवर चालणाऱ्या आजीबाई मला मागे टाकतील की काय अशी गत. (एकदा टाकलंय. त्यांनी वळून "चल गं" असंही म्हटलं.)

गेल्या रविवारी कहर झाला. गंगापूर रोडला जेहान सर्कलजवळ गाडी लावून धरणाच्या दिशेने निघाले. १४ किमी करायचे होते, सात जाऊन सात परत. वळेपर्यंतच जीव मेटाकुटीला आला होता. आठव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसलेच. शेवटी रिक्षा करून गाडीपर्यंत आले. रिक्षावाले काका आरशात बघत म्हणाले, "ताई, कुणी मागे लागलं होतं का?"

घरी येऊन पोहे केले, कुणाशी बोलले नाही.

तर प्रश्न हा की वाईट दिवशी दामटून पूर्ण करायचं की परत फिरायचं? दामटलं तर काहीतरी दुखावून बसेन, आणि फिरले तर फिरायचीच सवय लागेल, दोन्हीची भीती वाटते. फोनमधल्या प्लॅनला यातलं काही कळत नाही, त्याच्या लेखी मंगळवार म्हणजे मंगळवार. मैत्रीण म्हणते सगळा मनाचा खेळ आहे. असेलही, पण मन काही रिक्षा करायला लावत नाही.

रविवारची मिसळ

ताई, रिक्षाचं मनावर घेऊ नका. मी एकदा पांडवलेणीच्या पायथ्यापासून बायकोला फोन करून बोलावून घेतलंय, आणि ती आल्यावर गाडीत बसायलाही दोन मिनिटं लागली होती.

गेल्या तीन आठवड्यांत काय काय पळालात ते इथे टाका. अंतर आणि वेग दोन्ही. नुसतं "चांगलं, वाईट" यावरून काही सांगता येत नाही.

सल्ला फुकट

चाळिशीनंतर बायकांनी पळू नये, गुडघे जातात. चालणं उत्तम.

रविवारची मिसळ

नाशिकमध्ये बसून हे लिहिताय? सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्य आणलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. आणि ताई गुडघ्यांबद्दल विचारतच नाहीयेत.

तिसरी घंटा

मिसळदादा, राहू द्या. कविता राऊतशी माझी तुलना झाली यातच मी खूश आहे.

मी वहीत लिहिते, घड्याळातलं मला कधीच सापडत नाही. वहीत आहे तसं उतरवते. वेग एका किलोमीटरला लागलेल्या मिनिटांत.

रविवार: ११ किमी, ८:०५. ठीक. येताना पाऊस.
मंगळवार: ५ ठरले होते, ७ पळाले, ६:५० ने. शेजारी "उडत होते!!" असं लिहिलंय.
गुरुवार: ६ ठरले होते. ३ वर परत. पाय जड.
रविवार: १२ किमी, ७:२०. "आजवरचा सगळ्यात छान दिवस."
मंगळवार: काही नाही. पाऊस, आणि खरं सांगायचं तर कंटाळा.
गुरुवार: ५ किमी, ८:४०, रडत.
रविवार: १४ पैकी ८. रिक्षा.

हे सगळं उतरवताना माझंच मला काहीतरी दिसायला लागलंय, पण तुम्ही सांगा.

गोदाकाठ

तुम्हाला जे दिसायला लागलंय तेच मलाही दिसतंय. जूनमध्ये शर्यतीत जीव तोडून पळालात तेव्हा तुमचा वेग ७:१२ होता. आणि मंगळवारच्या "सोप्या" पळण्यात तुम्ही ६:५० ने गेलात, वर ठरल्यापेक्षा दोन किलोमीटर जास्त. म्हणजे ती मंगळवारी सकाळी एकटीने लावलेली शर्यतच झाली. गुरुवारचे पाय तिथेच वापरून झाले होते. पुढच्या रविवारीही तेच. २:४५ मध्ये हाफ संपवायची तर ७:४९ चा वेग पुरतो, तुम्ही सरावात १२ किमी ७:२० ने काढले.

हिशेबही सांगतो. १० किमीच्या वेळेला साधारण सव्वादोनने गुणलं की नवख्या माणसाच्या हाफचा अंदाज येतो. तुमची ७२ मिनिटं, गुणून १६२, म्हणजे २ तास ४२. तुमचं ध्येय अगदी योग्य आहे. ते गाठायची ताकदही आहे, फक्त ती तुम्ही मंगळवारी उडवून टाकता.

मी स्वतः दोन वर्षं हेच केलंय, म्हणून एवढ्या अधिकाराने बोलतोय. चांगला दिवस आला की माणसाला वाटतं आज फुकट मिळतंय, लुटून घ्या. आता मी चांगल्या दिवशीच घड्याळाकडे जास्त बघतो. आठवड्यातली बहुतेक पळणी अशी हवीत की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तुमच्यासाठी ते ८:१५ ते ८:४५ च्या आसपास येईल. एकट्या असाल तर मुलांना शिकवता ती एखादी कविता मोठ्याने म्हणून बघा. ओळीच्या मधेच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करायचा.

दुसरी गोष्ट रस्त्याची. जेहान सर्कलहून धरणाकडे निघालात की तुम्ही गोदावरीच्या उलट दिशेने जाता. पाणी धरणाकडून रामकुंडाकडे येतं, म्हणजे जाताना एकूण चढ आहे आणि येताना उतार. डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो. शिवाय पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तोही जाताना तोंडावर. तिथे जाताना ८:३० आणि येताना ८:०० पडले तर मेहनत सारखीच झाली असं समजा. तुम्ही जाताना सपाट रस्त्याचा वेग धरायला गेलात आणि वळण्याआधीच संपलात.

तिसरी घंटा

चढ?! दर वेळी मला वाटायचं की जाताना माझं मन तयार नसतं आणि येताना तयार होतं. मी त्यावर ध्यानबिन करायला लागले होते हो.

चुलीपासून ट्रॅकपर्यंत

एक विचारू का? तो रिक्षावाला रविवार गौरींच्या आठवड्यातला ना?

तिसरी घंटा

हो. गौरी शनिवारी गेल्या. आदल्या दिवशी घरी पंचवीस माणसं जेवायला होती.

चुलीपासून ट्रॅकपर्यंत

मग उत्तर मिळालं की! तीन दिवस ओट्याशी उभं राहायचं, सोळा भाज्या, पुरण, आवराआवर, झोप रात्री एकला आणि रविवारी पहाटे साडेचारला उठून १४ किमी. प्लॅनमध्ये याचा रकाना नसतो, पण उभे पाय ते उभे पाय. मी गौरींच्या आणि दिवाळीच्या आठवड्यात लांबचं पळणं निम्मं करते आणि त्याबद्दल कुणाला काही सांगत नाही.

आता नवरात्र येतंय. नऊ दिवस उपवास करता का? मी करते. त्या दिवसांत वेगाने पळायचं नाही, एवढा एकच नियम. बाकी साबुदाण्याची खिचडी, रताळं, राजगिऱ्याचा लाडू, केळं हे सगळं पळणाऱ्यासाठी उत्तमच आहे. लोक शर्यतीआधी मुद्दाम पिष्टमय खातात, आपल्याकडे त्याला उपवास म्हणतात. पाणी आणि मीठ मात्र विसरायचं नाही. आणि त्या दिवसांत पहाटे कालिका मंदिराकडे जाणाऱ्यांची रस्त्यावर वर्दळ असते, त्यामुळे एकट्या बाईला अंधारात पळायला उलट बरं वाटतं. कुत्रीही जरा शहाण्यासारखी वागतात.

स्टेथो आणि बूट

मी डॉक्टर आहे, पण धाग्यावर निदान करत नाही. गोदाकाठ यांचं बरोबर आहे, वेग कमी करा. तरीही एक गोष्ट राहते. वयाच्या चाळिशीत, पाळी चालू असलेल्या आणि नव्याने पळायला लागलेल्या बाईला "पाय शिसं होतात" असं म्हणताना ऐकलं की मी आधी रक्त तपासायला सांगते. हिमोग्लोबिन तर बघाच, पण सोबत फेरिटिन पण. शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो. हिमोग्लोबिन बरं दिसत असताना साठा तळाला गेलेला असू शकतो. थायरॉइड आणि बी १२ पण करून घ्या, एकाच वेळी रक्त जातं.

आणि जेवणावर लगेच चहा घेत असाल तर थांबवा, चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. तासाभराने प्या. भाजीवर लिंबू पिळा.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. पहिली वीस मिनिटं काही ठरवायचंच नाही. बरेचसे जड दिवस अंग गरम झालं की सुटतात. वीस मिनिटांनंतरही तेवढंच जड असेल तर अंतर कमी करा, वेग अजून उतरवा, हवं तर चाला. पण एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, विशेषतः नडगीच्या हाडावर, किंवा दुखण्यामुळे पाऊल वेगळं पडायला लागलं असेल तर तिथूनच परत. ताप असेल तर घरातून निघूच नका. छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी आली तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

सल्ला फुकट

मी चांगल्या हेतूनेच लिहिलं होतं.

तिसरी घंटा

दसऱ्याच्या शुभेच्छा मंडळी, उशिरा का होईना. वृत्तांत देते.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन ९. बायकांचं हिमोग्लोबिन किमान १२ हवं आणि फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपल्यातच जमा, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. थायरॉइड ठीक. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात. फरक पडायला काही आठवडे, साठा भरायला महिने लागतील म्हणाल्या. पळू का विचारलं तर म्हणाल्या पळा, पण हळू. स्टेथो आणि बूट, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मी वर्षभर "वय झालं" म्हणून सोडून दिलं होतं. जेवणानंतरचा चहा सुटला, हे मात्र गोळीपेक्षा कडू आहे.

वेगाचं सांगते. पहिले दोन आठवडे फार जड गेले. ८:३० ने पळायचं म्हणजे मला लाज वाटायची. ट्रॅकवर ओळखीचे लोक असतात, त्यांना ओरडून सांगावंसं वाटायचं की मी मुद्दाम हळू पळतेय! गोदाकाठ, तुमचं ऐकून कविता म्हणत होते. पुढे चालणाऱ्या एका काकांनी दुसरं कडवं पूर्ण केलं. शेवटची ओळ त्यांनी चुकवली, मी सवयीने दुरुस्त केली.

नवरात्रात आठवड्याला तीनदाच पळाले, सगळं हळू. मधे एक मंगळवार असा आला की पुन्हा पंख फुटले. ५ ठरले होते. पाचव्या किलोमीटरला अक्षरशः रस्त्यावर थांबून स्वतःला घरी नेलं. गुरुवारी पाय होते! माझे पाय, गुरुवारी, जागेवर!

आणि काल १६ किमी. जेहान सर्कलहून, तोच रस्ता. जाताना चढ आहे हे माहीत असल्यामुळे घड्याळावर ८:४५ दिसलं तरी वाईट वाटलं नाही. ऑक्टोबरचं ऊन लवकर चढतंय म्हणून पाचलाच निघाले होते. वळले तोवर सगळं छान. अकराव्या किलोमीटरला मात्र परत ते शिसं आलं, अगदी तसंच, कारण काहीच नाही. खाल्लेलं होतं, झोप झालेली होती, वेग बरोबर होता. सोमेश्वरच्या अलीकडे पाचेक मिनिटं चालले, दोन खजूर खाल्ले, मिठाचं पाणी प्यायले. दुखत कुठेच नव्हतं, मग परत पळायला लागले. बाराव्याला तसंच. तेराव्याला कधी गेलं कळलं नाही. एकूण २ तास १६ मिनिटं, चालणं धरून. शेवटच्या चौकात रिक्षा उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नंतर मिसळ खाल्ली, एक्स्ट्रा रस्सा घेऊन. दादा, तुमच्या नावाने.

आता एक नवी भानगड. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय. दुखत फारसं नाही, पण घरात बघून सगळे घाबरलेत. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

रविवारची मिसळ

इथेच विचारा. पुढचे बूट अर्धा नंबर मोठे घ्या, आणि दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. नख आत्ता कापलेलं आहे का?

तिसरी घंटा

नाही.

रविवारची मिसळ

मग आधी ते कापा.