वेण्णा तलावाचे हिमकण आणि लिंगमळ्याची जंगलवाट: केव्हा निघावं?

कृष्णाकाठ_सांगली
जानेवारीत महाबळेश्वरला दोन दिवस मुक्काम आहे. पहाटे वेण्णा तलावाजवळचे हिमकण, मग लिंगमळ्याच्या जंगलातून पायी आणि परतताना कासचा सडा (म्हणजे कातळाचं पठार) असा बेत आहे. बरोबर वडील आहेत, वय ६५, चालायला ठणठणीत. पारा कितीवर गेला की हिमकण पडतात? विल्सन पॉइंट उंच आहे, मग तिथं जास्त दिसतील ना?

घाटवाट
हिमकणांसाठी विल्सन पॉइंट नकोच. १,४३९ मीटर उंच आहे खरा, पण गार हवा जड असते. रात्रभर ती उतारावरून खाली येऊन खोलगटात साचते, आणि वेण्णा तलाव व लिंगमळा नेमके त्या खोलगटात आहेत.

पाऱ्याच्या आकड्यावर बेत ठरवू नका. बातमीतला आकडा जमिनीपासून सव्वा मीटरवर, पेटीतल्या तापमापीचा असतो. उघड्यावरचं गवत त्याहून चार-पाच अंशांनी गार होऊ शकतं, म्हणून ५ अंशांतही पात्यावर बर्फ सापडतो. त्यापेक्षा रात्री दहाला बाहेर येऊन बघा. चांदण्या लख्ख आणि झाडाचं पानही हलत नसेल तर गजर लावा. वारा असेल तर वरची ऊबदार हवा खाली मिसळत राहते. हुडहुडी भरेल, हिमकण मिळणार नाहीत. ढग आले तरी तेच.

सूर्योदय साधारण ७.१० चा. सव्वासहाला तलावावर हवं. ऊन टेकलं की पंधरा-वीस मिनिटांत सगळं पाणी.

झाडाखाली शोधू नका, फांद्या जमिनीची ऊब धरून ठेवतात. गाड्यांचे टप, जेटीच्या फळ्या, मोकळं गवत बघा. विजेरी तिरपी धरा: पारदर्शक गोल मणी म्हणजे आधी पडून मग गोठलेलं दव, पांढऱ्या बारीक सुया म्हणजे हवेतली वाफ थेट गोठलेली. दुसरा प्रकार खरा देखणा.

गादीवाफा
स्ट्रॉबेरीच्या पानावर आणखी एक गंमत दिसते. पानाच्या कडेला प्रत्येक दात्यावर एक-एक थेंब असतो. ते दव नव्हे, मुळांनी ओढलेलं पाणी पान तिथून बाहेर टाकतं. तोच थेंब गोठतो आणि पानाला मण्यांची झालर लागते.

पण मालकाला विचारल्याशिवाय शेतात शिरू नका. वाफ्यावर मल्चिंग पेपर (माती झाकणारं प्लास्टिक) आणि त्याखाली ठिबकची नळी असते, एक पाय पडला तरी पेपर फाटतो. ही पहाट बागायतदाराला जड जाते, हेही ध्यानात असू द्या. फुलाचा मधला पिवळा भाग गोठला की काळा पडतो आणि ते फूल फळ धरत नाही. कुठं पिकावर पाण्याचे तुषार (फवारे) चालू दिसले तर कॉक बंद करू नका. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यावर फूल तगतं. मधेच बंद पडलं तर नुकसान वाढतं.

रानगवा_बघा_लांबून
जंगलात उजाडल्याशिवाय शिरू नका, आठनंतर जा. गवे पहाटे उघड्यावर चरतात आणि धुक्यात अगदी जवळ येईपर्यंत कळत नाहीत. दिसला तर जागीच थांबा, त्याची वाट मोकळी ठेवून हळू मागं सरा. फ्लॅश मारायचा नाही.

जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांचं हे बुटकं सदाहरित रान. जानेवारीतही पानं गच्च, त्यामुळे वाट सावलीची आणि ओली राहते. धबधब्याकडच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर वडिलांच्या हाती काठी द्या. खरा त्रास थंडीपेक्षा ओल्या बुटांचा होतो, गवतातून दहा मिनिटं चाललं तरी मोजे भिजतात. जादा जोड ठेवा. एका जाड जर्किनपेक्षा दोन पातळ स्वेटर बरे, चढावर एक काढता येतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी लवकर उतरते.

कृष्णाकाठ_सांगली
खूप आभार. कासला या दिवसांत काय बघायचं?

घाटवाट
फुलं नसतील, त्यांचा हंगाम ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबर. आता वाळकं सोनेरी गवत, उघडा जांभा आणि भणाणता वारा, कानटोपी लागेल. पण सडा मेलेला नसतो. जांभ्यावर बोटभर माती आणि तिच्यात पुढच्या पावसाचे कंद व बिया निजलेल्या असतात. म्हणून मातीवरून न जाता मळलेल्या वाटेनं किंवा कातळावरून चाला. काडीपेटी गाडीतच ठेवा, हे गवत ठिणगीसरशी पेटतं. साताऱ्यापासून कास साधारण २५ किलोमीटर. मेढ्यावरून उतरलात तर सातारा गाठून तिकडं वळा.