भरपाईसाठी आधीच्या आजारपणाचे कागद द्यावेच लागतात का?

मिऱ्याची लेक:
नमस्कार. मी रत्नागिरीजवळ आंब्याच्या कॅनिंगमध्ये सीझनला जाते. १७ मे २०२४ ला डबे सील करायच्या मशीनवर माझा उजवा हात गेला. डबा तिरका बसला होता, तो सरळ करायला बोट लावलं आणि हातमोजा आत ओढला गेला. रसात लाल दिसलं ते आधी, कळ नंतर आली. अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर हाडासकट तुटलं.

टाक्यांचा खर्च फॅक्टरीने दिला. त्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं तेव्हाही मी गेले, बोट दाखवलं, एक्स-रे दिला. आता भरपाईचं विचारलं तर ऑफिसने एक कागद पुढे केला: ‘माझ्या आजवरच्या सर्व उपचारांची माहिती कोणत्याही दवाखान्यातून घेण्यास माझी संमती आहे.’ सही नाही तर फाइल पुढे नाही, असं म्हणतात.

खरं सांगते. माझे मिस्टर बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत. त्यानंतर मला झोपच लागेना. दीड वर्ष गोळ्या घेतल्या. बंद करूनही दोन वर्षं झाली. हे फक्त बहिणीला ठाऊक आहे. तरी परवा सुपरवायझर सगळ्या बायकांदेखत म्हणाला, “हिला आधी कसल्या गोळ्या होत्या ते बघायला हवं.” मुलीचं स्थळ बघतोय आम्ही. वाडीत एकदा तोंडातून तोंडी गेलं की संपलं. सही करू का?

चिपळूणचा कारकून:
ताई, सही करू नका. वीस वर्षं कामगारांचे दावे लिहितोय, हा कागद मी पुष्कळदा बघितलाय.

आधी एक सांगा, पगारातून ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे पैसे, कापत होते का? कापत असतील तर दावा तिकडे करायचा. नसतील तर १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, तुमच्या अपघाताच्या वेळी तोच लागू होता. त्याच्या कलम ११ प्रमाणे मालकाने फुकट तपासणी करून द्यायची आणि कामगाराने तपासून घ्यायचं. नकार दिला तर हक्क थांबतो, हे खरं आहे. पण तुम्ही गेलात! ते कलम तपासणीचं आहे, जन्मापासूनचे कागद उघडून दाखवा असं त्यात कुठेही नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमची इजा कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेली आहे. त्या बोटाचं एक पेर गेलं तर कमाईची क्षमता ९ टक्के घटली असं धरतात. हाड न जाता नुसतं टोक गेलं तर ५. म्हणजे सिद्ध काय करायचं, तर हाड गेलं एवढंच. ते एक्स-रेत दिसतं. तुमच्या झोपेचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही. मालक अंग काढून घेऊ शकतो ते कामगार नशेत असला, मुद्दाम नियम मोडला किंवा मुद्दाम मशीनचं संरक्षण काढलं तर. दोन वर्षांपूर्वी सोडलेली गोळी यात कुठे बसते?

त्या कायद्यात दाव्याला अपघातापासून दोन वर्षं मुदत आहे. पुढे आयुक्तांनी, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी, कागद मागवले तर ते द्यावे लागतात, पण तिथे ‘अपघाताशी संबंध असलेलेच मागवा’ असं आपल्याला म्हणता येतं. ऑफिसातल्या साहेबाला आयुक्तांचे अधिकार नाहीत.

लांज्याची सिस्टर:
ताई, दवाखान्याच्या बाजूने सांगते. मालकाची माणसं येतात, ‘आमचीच कामगार आहे, पेपर दाखवा’ म्हणतात. आम्ही देत नाही. पेशंटचं गुपित डॉक्टरने फोडायचं नाही, हे २००२ च्या वैद्यकीय आचार नियमांत आहे. कोर्टाचा हुकूम वगैरे मोजके अपवाद सोडून. मनाच्या आजारावरच्या उपचारांना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. तुम्हाला मात्र तुमचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवेत.

एक गोष्ट आजच बघा. डिस्चार्ज कार्डावर ‘पूर्वीचे आजार’ अशी एक ओळ असते. भूल देण्याआधी विचारून लिहितात. तिथे काही असेल तर खाडाखोड अजिबात करू नका, खोटेपणा केला म्हणतील. त्या कार्डाऐवजी एक्स-रे, ऑपरेशनची नोंद आणि अपंगत्वाचा दाखला द्या.

मिऱ्याची लेक:
सिस्टर, पिशवी उघडून बघितलं. मुलीच्या लसीच्या कार्डाखाली डिस्चार्ज कार्ड होतं. आहे तिथे ओळ. ‘पूर्वी झोपेच्या गोळ्या.’ भूल द्यायच्या वेळी मीच खरं सांगितलं होतं.
दादा, ईएसआयसी नव्हती, सीझनचंच काम.

चिपळूणचा कारकून:
मग वकिलाच्या फीची चिंता करू नका. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. आणि भरपाई महिन्याच्या आत दिली नाही म्हणून १२ टक्के व्याजही मागा.

मिऱ्याची लेक:
आज जाऊन आले. त्यांच्या कागदावर सही केली नाही. वहीच्या पानावर डाव्या हाताने लिहिलं, ‘फक्त १७ मे २०२४ च्या अपघाताचे कागद देत आहे’, एक्स-रे आणि ऑपरेशनची नोंद जोडली. साहेब घेईनात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून द्या म्हणून तासभर बाकावर बसून राहिले. शेवटी मारला. सोमवारी बहिणीला घेऊन कोर्टात जातेय.