पॉक्सो खटल्यातील जामीन अर्ज : मुलीच्या बाजूने न्यायालयात नेमके काय मांडता येते?

मुलीची आत्या

नमस्कार. गाव, जिल्हा, शाळा किंवा नेमके नाते अशी ओळख पटेल अशी कोणतीही माहिती मी येथे जाणीवपूर्वक दिलेली नाही, तेव्हा ती कृपया विचारू नये.

माझ्या अकरा वर्षांच्या भाचीवर नात्यातीलच एका प्रौढ गृहस्थाने अत्याचार केला. वहिनीच्या फिर्यादीवरून पॉक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्याचे कलम ६ आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ६५(२) यांखाली गुन्हा नोंदवला गेला, आरोपीला अटक झाली, पोलिसांनी मुदतीत दोषारोपपत्र दाखल केले आणि सध्या तो न्यायालयीन कोठडीत आहे. आता त्याने विशेष न्यायालयात जामिनासाठी अर्ज केला असून पुढील आठवड्यात सुनावणी असल्याची नोटीस पोलीस शिपायाने घरी आणून दिली आहे. आमचे आणि आरोपीचे घर एकाच वाड्यात आहे. नळ आणि अंगण सामाईक आहे.

इतक्या गंभीर कलमांत जामीन मिळू शकतो का? वहिनीची न्यायालयात उभे राहण्याची मनःस्थिती नाही, भाऊ नोकरीसाठी परराज्यात असतो, मग तारखेला कोणी जायचे? आणि गेल्यावर बोलायचे काय? सरकारी वकिलांची भेट झाली, पण त्यांच्यासमोर इतकी प्रकरणे होती की आमच्या वाट्याला दोन-चार वाक्येच आली. घरातील वडीलधारी मंडळी तर आत्ताच म्हणू लागली आहेत की जामीन होऊ द्या, त्याची आई थकली आहे, पुढे बसून मिटवता येईल.

विशेष न्यायालयात काम करणारा वकील

ताई, पॉक्सोत जामीन मिळतच नाही असा समज पोलीस ठाण्याच्या आवारापासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र आहे, पण तो बरोबर नाही. अमली पदार्थांच्या किंवा आर्थिक अफरातफरीच्या विशेष कायद्यांत ‘आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे’ अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन देऊ नये, अशी अट स्पष्ट लिहिलेली असते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात ती नाही. त्यात कलम २९ आहे, ज्यानुसार ठरावीक गुन्ह्यांत आरोपीने गुन्हा केला आहे असे न्यायालयाने गृहीत धरायचे आणि ते खोटे ठरवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र हे गृहीतक जामिनाच्या टप्प्यावर किती चालते यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये असे म्हटले की आरोपनिश्चितीनंतरच ते लागू होते आणि त्याआधीचा जामीन अर्ज नेहमीच्या निकषांवर तपासायचा. त्याच निकालात मुलीचे आणि आरोपीचे वय, दोघांच्या वयातील अंतर, नाते किंवा विश्वासाचे स्थान, धमकी, गुन्ह्यानंतरचे वर्तन असे मुद्देही नोंदवले आहेत. आपल्या प्रकरणात यांतील जवळजवळ प्रत्येक मुद्दा आरोपीच्या विरोधात जातो, हे लक्षात असू द्या.

कोणी जायचे, याचे उत्तर कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३(२) नुसार, न्याय संहितेच्या कलम ६५ खालील आरोपीच्या जामीन अर्जावर सुनावणी होताना फिर्यादीची किंवा फिर्यादीने अधिकृत केलेल्या व्यक्तीची उपस्थिती अनिवार्य आहे. म्हणजे वहिनींनी लेखी अधिकारपत्र दिले तर आपण जाऊ शकता. मुलीला या सुनावणीला नेण्याची गरज नाही आणि नेऊही नये. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये एका जनहित याचिकेवर निर्देश दिले होते की पॉक्सो प्रकरणातील अशा अर्जांची नोटीस मुलाच्या पालकांपर्यंत पोहोचलीच पाहिजे. आपल्या दारी शिपाई आला तो त्यामुळेच. नोटीस मिळूनही कोणी हजर राहिले नाही तर मात्र न्यायालय पुढे जाऊ शकते, म्हणून तारीख चुकवू नका.

आता काय बोलायचे. आपल्या लिखाणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओघात लिहून गेलात : एकच वाडा, सामाईक नळ, सामाईक अंगण. गुन्हा किती भयंकर आहे हे दोषारोपपत्रात आलेले आहे आणि न्यायाधीश ते वाचणारच आहेत, पण सुटल्यावर आरोपी राहणार कुठे आणि मुलगी सकाळी पाणी भरायला कुठे जाणार हे त्या कागदांत बहुधा नसते. घरांचा साधा हाताने काढलेला नकाशा, मुलीचा शाळेचा रस्ता, कोणत्या नातेवाइकाने कोणत्या दिवशी कोणाला काय सांगितले याच्या तारखा, असे सारे प्रतिज्ञापत्रावर आणा आणि त्याची प्रत सरकारी वकिलांना सुनावणीच्या आधी द्या, म्हणजे त्यांच्या ‘से’ मध्ये (अर्जावरील लेखी म्हणण्यात) ते मुद्दे येतील. ‘आरोपी साक्षीदारांवर दबाव आणील’ हे वाक्य प्रत्येक ‘से’ मध्ये असते आणि रोज ऐकून न्यायालयांना त्याची सवय झालेली असते. ‘अमुक तारखेला आरोपीचा भाऊ फिर्यादीच्या घरी येऊन जबाब फिरवण्याविषयी बोलला’ या वाक्याला वजन असते. तसे काही घडले असेल तर त्याची तक्रार आधी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा न्याय संहितेच्या कलम २३२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

स्वतःचा वकील हवा असेल तर पॉक्सोचे कलम ४० तो अधिकार देते. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही.

लोक अभिरक्षक कार्यालयातून

मी दुसऱ्या बाजूला उभा राहतो, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची कामे पाहतो. तरीही या धाग्यावर लिहावेसे वाटले, कारण जामीन म्हणजे निकाल ही समजूत आरोपीच्या घरी पेढे वाटायला लावते आणि पीडितेच्या घरी चूल पेटू देत नाही. जामीन मिळाल्याने खटल्यातील एकही पुरावा कमी होत नाही.

देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतील ४,३४,३०२ म्हणजे ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. त्या गर्दीत माझ्याकडे येणारी पॉक्सोची प्रकरणे एका जातीची नसतात. सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर निघून गेली, तिच्या वडिलांनी फिर्याद दिली, मुलगी दंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबात स्वतःच्या मर्जीने गेल्याचे सांगते, आणि अठराखालील संमतीला कायद्यात अर्थ नसल्याने मुलगा आत राहतो. अशा मुलासाठी मी जामीन मागतो, न्यायालये बऱ्याचदा तो देतात आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच अशा प्रकरणांसाठी वेगळा विचार मांडला होता. आपले प्रकरण मात्र त्या खणातले नाही. अकरा वर्षांची मुलगी आणि घरातला प्रौढ माणूस असताना माझ्यासारख्याकडे युक्तिवादाला फारसे उरत नाही.

उरतो तो एकच मुद्दा, आणि तो आपण आत्ताच ओळखून ठेवावा : विलंब. कलम ६ ला वीस वर्षांपासून पुढे शिक्षा असल्यामुळे दोषारोपपत्रासाठी पोलिसांना नव्वद दिवस होते. ते चुकले असते तर गुन्हा कितीही गंभीर असला तरी आरोपी हक्काने सुटला असता. ती वाट बंद झाली. कमाल शिक्षेच्या अर्ध्या किंवा पहिल्याच गुन्ह्यात एक तृतीयांश काळाच्या कोठडीनंतर सोडण्याची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ची तरतूद जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही. तेव्हा आज अर्ज फेटाळला गेला तर बचावाचा वकील थांबेल आणि दोन-तीन वर्षांनी, साक्षी सुरूच झालेल्या नसताना, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ वर बोट ठेवून उच्च न्यायालयात जाईल. मीही तेच करीन, ते माझे कामच आहे. पॉक्सोच्या कलम ३५ नुसार न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची असते आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवायचा असतो. प्रत्यक्षात हे किती पाळले जाते ते कोणत्याही विशेष न्यायालयाचा त्या दिवसाचा बोर्ड (प्रकरणांची यादी) पाहिला तरी कळते. जामिनाला विरोध करण्याइतकीच शक्ती मुलीची साक्ष लवकर व्हावी यासाठी लावा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात सांगितले आहे की बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यात खटला सुरू होऊन सरकार पक्षाचे साक्षीदार तपासले जाऊ लागले की न्यायालयांनी जामीन अर्ज सहसा विचारात घेऊ नयेत. म्हणजे साक्षी सुरू होणे हेच आपल्या बाजूचे बळ आहे.

मुलीची आत्या

दोघांचेही मनापासून आभार. अधिकारपत्राची गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. वहिनीने ते लिहून देण्याचे मान्य केले आहे. दोन शंका उरतात. ‘बसून मिटवू’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावे? ते परके नाहीत. त्यांत माझी आईही आहे. आणि इतके करूनही जामीन झालाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेमके काय करायचे?

सपोर्ट पर्सन म्हणून काम करणारी

आईंना एवढेच सांगा की मिटवणे आता वहिनींच्या हातात राहिलेलेच नाही. खटला सरकार चालवते, हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी राजस्थानातल्याच दुसऱ्या एका प्रकरणात, मुलीच्या वडिलांनी केलेल्या तडजोडीच्या आधारे रद्द झालेला पॉक्सोचा गुन्हा पुन्हा जिवंत केला आहे. माझा अनुभव असा की घरातील वृद्ध स्त्रिया ‘मिटवा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात आरोपीविषयीच्या मायेपेक्षा वाड्यात उद्या एकमेकांची तोंडे कशी पाहायची ही भीती जास्त असते. त्यांच्याशी कायद्यावर वाद घालू नका. मुलीचे अंथरूण त्यांच्या खोलीत घाला आणि तिच्या शाळेच्या वेळा सांभाळण्याचे काम त्यांच्यावर सोपवा. मी काम केलेल्या घरांत याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे, प्रत्येक घरात होईलच असे नाही.

सुनावणीच्या दिवशीचे थोडे. आरोपीला बहुधा तुरुंगातून व्हीसीवरच (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) हजर केले जाते, पण त्याचे नातेवाईक मात्र सगळे येतात आणि न्यायदालनाबाहेरच्या बाकावर आपल्या शेजारीच येऊन बसतात. पुकारा होईपर्यंत सरकारी वकिलांच्या खोलीत थांबण्याची परवानगी आधीच मागून ठेवा. कोणी बोलायला आले तर उत्तर देऊ नका, फक्त वेळ आणि शब्द लिहून ठेवा. आपल्या प्रकरणात बालकल्याण समितीने अजून सपोर्ट पर्सन, म्हणजे खटल्यात मुलीला आणि कुटुंबाला साथ देणारी व्यक्ती, नेमलेली नसेल तर समितीकडे लेखी मागणी करा. २०२० च्या पॉक्सो नियमांत ही तरतूद आहे आणि साक्षीच्या तयारीपासून तारखा कळवण्यापर्यंत पुष्कळ ओझे त्यामुळे हलके होते. पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज झाला आहे का, तेही पाहा. जामिनाशी त्याचा संबंध नाही, पण या धावपळीत तो हमखास मागे पडतो.

विशेष न्यायालयात काम करणारा वकील

दुसऱ्या शंकेविषयी. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ मार्च २०२१ च्या निकालानुसार आरोपीला जामीन मिळाल्याचे फिर्यादीला तात्काळ कळवायचे आणि आदेशाची प्रत दोन दिवसांत द्यायची असते. हा निकाल ज्या आदेशातून निघाला तो वाचला तर आजही हसावे की रडावे कळत नाही : मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला, फिर्यादी स्त्रीच्या घरी मिठाई घेऊन जावे आणि तिच्याकडून राखी बांधून घ्यावी, अशी जामिनाची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि आरोपीचा पीडितेशी संपर्क येईल अशी कोणतीही अट घालू नये, तडजोड सुचवू नये, असे सर्व न्यायालयांना बजावले. त्याचा आपल्याला थेट उपयोग आहे. युक्तिवादाच्या शेवटी, मुख्य विरोध कायम ठेवून, पर्यायी विनंती करा की न्यायालयाला जामीन द्यावासा वाटलाच तर मुलीची साक्ष पूर्ण होईपर्यंत आरोपीने तालुक्यात प्रवेश करू नये, राहण्याचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक पोलिसांना द्यावा, नातेवाइकांमार्फतही संपर्क साधू नये आणि तेथील पोलीस ठाण्यात ठरावीक वारी हजेरी लावावी. ही विनंती केल्याने विरोध कमकुवत होतो असे काही वकील मानतात. मी मानत नाही, कारण न मागितलेल्या अटी पुढे वाढवून घेणे फार कठीण जाते.

जामीन झाला तर प्रत हाती येताच दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवा. आदेशच चुकीचा असेल, म्हणजे मुलीचे वय, नाते किंवा धमकीच्या तक्रारी विचारातच घेतल्या गेल्या नसतील, तर त्याला उच्च न्यायालयात आव्हान द्यायचे. पीडितेला प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने लखीमपूर खेरी प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. आदेश ठीक असेल पण आरोपी वाड्यात दिसला, त्याचा निरोप आला किंवा हजेरी चुकली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३(३) खाली जामीन रद्द करण्याचा अर्ज, आणि तो पहिल्याच उल्लंघनाला करायचा. ‘या वेळी जाऊ द्या’ म्हणून सोडलेले पहिले उल्लंघन पुढे बचावाचे वकील संमतीसारखे वापरतात. आदेशाची एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांकडे बंद लिफाफ्यात द्यावी, मुलीचे नाव बाहेर जाणार नाही एवढी काळजी घेऊन, आणि एक आपल्या बीटच्या (भागाच्या) पोलीस अंमलदाराकडे. कारण आरोपीने कुठे येऊ नये हे त्या अंमलदाराला आपल्याकडूनच कळण्याची शक्यता अधिक असते.