बाळाचं नाव अनोळखी लोकांना विचारावं का?

शिवाजी पेठेतली आत्या
रविवारी माझ्या भाचीचं बारसं आहे, आज बुधवार, आणि अजून नाव ठरलेलं नाही. म्हणजे ठरलंतं आणि मोडलं. पोरगी स्वाती नक्षत्राच्या चौथ्या चरणावरची, अक्षर आलं ता. वहिनीच म्हणाली तारा. घरात सगळ्यांना पटलं, कोल्हापूर म्हणजे ताराराणींचं गाव आहे आपलं, कावळा नाक्यावरचा घोड्यावरचा पुतळा बघत लहानाचे मोठे झालोय आम्ही. मी दुसऱ्याच दिवशी गुजरीत जाऊन चांदीची वाटी घेतली आणि तिच्यावर नाव कोरून आणलं, कोरणाऱ्या काकांनी शेवटचा काना जरा लांब ओढलाय, लई देखणं दिसतंय. आणि शनिवारी वहिनीनं आयांच्या कुठल्यातरी ग्रुपवर पोरीच्या फोटोसकट टाकलं, तारा नाव कसं वाटतं, खरं सांगा. खरं सांगा म्हटल्यावर लोक सोडतात व्हय. कोण म्हणतंय आज्जीचं नाव वाटतंय, कोण म्हणतंय वालीची बायको, कोण म्हणतंय शाळेत पोरं चिडवतील. दीडशे जणांनी मतं दिली, त्यातल्या एकानं पण पोरीला प्रत्यक्ष बघितलेलं नाही. आता वहिनी म्हणते तारा नको, तियारा ठेवूया. मला हे अजिबात पटलेलं नाही. कानात कुर्र करून नाव सांगायचं आत्यानं, पाठीत धपाटे खायचे आत्यानं, आणि ठरवायचं कुठल्या गावच्या कोणत्या बाईनं? तुम्हाला काय वाटतं सांगा.

राजारामपुरीची सून
ताई राग मानू नका, पण वहिनीला बाहेर जाऊन का विचारावं वाटलं ह्याचा विचार केलाय काय? माझ्या पहिल्या बाळंतपणात मी सात नावं एका कागदावर लिहून उशीखाली ठेवलीती, रात्री पोराला पाजताना मोबाइलच्या उजेडात एकेक म्हणून बघायची. बारशादिवशी नणंदेनं पाळण्यात वाकून भलतंच आठवं नाव सांगितलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, घुगऱ्या वाटल्या, मी गप. पोरगा आता नऊ वर्षांचा आहे आणि मी त्याला अजून बाळाच म्हणते, ते नाव माझ्या तोंडात बसलंच नाही. दुसरीच्या वेळी मी पण ऑनलाइन विचारलं. एका बाईनं लिहिलं की आडनावासकट गच्चीवरनं दहा वेळा मोठ्यानं हाक मारून बघा, अडखळलं तर सोडून द्या. इतका कामाचा सल्ला मला घरात कुणी दिला नव्हता. अनोळखी माणसाला ना सासरची बाजू घ्यायची असते ना माहेरची.

मंगळवार पेठ
राजारामपुरीच्या वहिनी, तुमचं दुःख खरं आहे, पण औषध चुकीचं हाय. ह्या लोकांना अर्धं माहीत असतंय आणि ते पूर्ण सांगितल्यासारखं सांगतात. तारा वालीची बायको, बरोबर. पण तीच तारा पंचकन्यांत आहे, अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी, माझी आज्जी रोज अंघोळ झाली की म्हणायची. आणि आपली ताराराणी तर 1700 साली राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेब मरेपर्यंत सात वर्षं त्याच्याशी लढली, त्या नावाला जुनाट म्हणायचं म्हणजे काय? नावांच्या अर्थाचं पण तसंच, माझ्या मित्रानं पोरीसाठी एक नाव शोधलं तर एका साइटवर ते संस्कृत, दुसऱ्यावर अरबी, तिसऱ्यावर लॅटिन, आणि अर्थ तिन्हीकडं वेगळा. अजून एक, अक्षर काढून मागायच्या नादात लोक बाळाची जन्मतारीख, वेळ, दवाखाना, फोटो सगळं टाकतात. कुणाच्या हातात जातंय ते? ह्याचं मला जास्त वाईट वाटतंय.

कोल्हापूरकर सध्या दिल्ली
फोटोचं शंभर टक्के मान्य. पण विचारायचंच नाही हे काय पटत नाही. आमच्या पोरीचं नाव ज्ञानदा, कोल्हापुरात सगळ्यांना आवडलं, आणि इथं आल्यावर ती ग्यानदा झाली. बाई हजेरी घेताना तसंच म्हणतात, आणि आता ती स्वतःपण तसंच सांगते, ते ऐकताना आतून तुटतंय. आधी चार बाहेरच्या लोकांना नुसतं वाचायला दिलं असतं तर कळलं असतं. आवडलं का हे विचारू नका, वाचून दाखवा म्हणा. तारा कुठंपण ताराच राहणार, हे मात्र सांगतो.

कसबा बावडा
एवढी घाई कशाला? जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते पण नाव नसलं तरी ती होते, नंतर 12 महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यापुढं 15 वर्षांपर्यंत लेट फी भरून. बारशाला पाळण्यातलं नाव ठेवा, दाखल्यावरचं सावकाश ठरवा. शाहू महाराज पण कागलच्या घाटग्यांकडं यशवंतरावच होते, 1884 ला दत्तक आले तवा शाहू झाले.

शिवाजी पेठेतली आत्या
दाखल्याचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलं. राजारामपुरीच्या ताईंचं वाचून मात्र घटकाभर गप बसलो. वहिनीच म्हणाली तारा असं मी वर लिहिलंय खरं, पण आठवून बघितलं तर ता अक्षर आल्यावर आई आणि मीच ताराराणी ताराराणी करत होतो, ती नुसती व्हय म्हणाली. तिनं कागद केलता का नाही मला माहीत नाही, मी विचारलंच नाही, पिशवी घेऊन गुजरीत गेलो. तरीपण दीडशे लोकांना विचारण्याआधी मला एक फोन करायला पाहिजे होता असं माझं अजून मत आहे, ते मी तिला सांगणार. आणि पोरीचा फोटो तिथनं काढायला लावणार. आज संध्याकाळी जातोय तिच्याकडं. वाटी घरातच ठेवून जातोय.